डब्ल्यूसी (कामगारांच्या अपघात भरपाईची) पॉलिसी घ्यायचीय, एजंट म्हणतो पगार कमी दाखवा. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि दीर मिळून बघतो. गेट, ग्रिल, जिने हे नेहमीचं काम, आणि अलीकडं शेड उभारायची साइटची कामं पण येतात. आमच्या पगारपत्रकावर सहा जण आहेत, दोन वेल्डर, एक फिटर, तीन हेल्पर. साइटवर पत्रे चढवायला मुकादम त्याची चार पोरं घेऊन येतो, त्यांचा हिशोब तोच करतो, आम्ही त्याला एकरकमी देतो.

आता एका मोठ्या कारखान्यात शेडचं काम मिळालंय पण ते म्हणतात डब्ल्यूसी पॉलिसीची कॉपी द्या, नाहीतर गेटपास नाही. एजंटला विचारलं तर तो म्हणतो वहिनी, गेटपासपुरतं करून घ्या, चार माणसं आणि दहा-दहा हजार पगार दाखवा, प्रीमियम कमी बसेल, कोण बघायला येतंय. खरे पगार हेल्परला १४, फिटरला १८ आणि मोठ्या वेल्डरला २४ हजार आहेत. दीर वेगळंच म्हणतात, आपली ग्रुप ॲक्सिडेंट पॉलिसी आहे की, परत हे कशाला.

मला कळत नाहीये की ग्रुप ॲक्सिडेंट असताना हे लागतं का, मुकादमाच्या पोरांना काही झालं तर कोणाच्या गळ्यात, आणि उद्या कोणी पिऊन वर चढला आणि पडला तर ती पण आमचीच जबाबदारी का? आणि नवीन लेबर कोड आलेत म्हणतात, मग ही पॉलिसी अजून चालते का? मुकादमाला पोरांच्या हेल्मेट-बेल्टबद्दल सांगून सांगून थकले, म्हणून हा प्रश्न जास्तच डोक्यात बसलाय.

खातेवही:
ताई, आधी दिरांचा मुद्दा. ग्रुप ॲक्सिडेंटमध्ये ठरलेली रक्कम कामगाराला मिळते. डब्ल्यूसी तुमच्यावर कायद्याने जी देणी येतात ती उचलते. दोन्ही असू द्या, पण एकानं दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

देणी किती ते एकदा मांडून बघा म्हणजे एजंटचं 'कोण बघायला येतंय' केवढ्याला पडेल ते कळेल. जुन्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात २०२० पासून पगार महिना १५,००० पर्यंतच धरतात, २४ असला तरी. ३० वर्षांचा माणूस गेला तर त्याच्या निम्मे म्हणजे ७,५०० गुणिले वयाचा गुणक २०७.९८, होतात १५,५९,८५०. कायमचा पूर्ण निकामी झाला तर निम्म्याऐवजी ६० टक्के, म्हणजे १८,७१,८२०. तर्जनी पूर्ण तुटली तर त्याचे १४ टक्के, म्हणजे एका बोटाचे अडीच लाखाच्या वर. पत्रा कापायचं शिअरिंग मशीन आहे ना तुमच्याकडं?

दहा हजार दाखवलेत तर क्लेमच्या वेळी विमा कंपनी पगारपत्रक आणि हजेरी मागणार, मग त्या प्रमाणात कमी देणार नाहीतर भांडत बसणार. उरलेलं तुमच्या खिशातून. चार दाखवलेत आणि जखमी झालेला सहावा निघाला तर मग बघायलाच नको. वेळेत भरपाई दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि वर ५० टक्क्यांपर्यंत दंड असतो, आणि तो दंड विमा कंपनी भरत नाही.

पत्रावाला:
मी हीच कामं करतो म्हणून लिहितो. मुकादमाची पोरं पडली तर भरपाई मूळ काम घेणाऱ्याकडून मागता येते, म्हणजे तुमच्याकडून, आणि तुमच्याही वरच्या कारखान्याकडून. म्हणूनच ते गेटवर कॉपी मागतात, तुमच्यावर उपकार म्हणून नाही. दिलेली रक्कम तुम्ही मुकादमाकडून वसूल करू शकता, पण तो सापडला पाहिजे ना. तेव्हा चार पोरं पण पॉलिसीत घालायला लावा, आणि पॉलिसीत फक्त 'वर्कशॉप' असं लिहून घेऊ नका, उंचीवर पत्रे चढवायचं काम आणि बाहेरच्या साइट स्पष्ट लिहिलेल्या पाहिजेत.

पिण्याचं असं आहे की हात मोडला वगैरे आणि तो थेट दारूमुळंच, किंवा मुद्दाम सेफ्टी काढून टाकल्यामुळं झालाय हे सिद्ध झालं तर मालकाला सूट आहे. पण माणूस गेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला तर पिऊन चढला होता म्हणून सुटका नाही.

आणि एक, कोणी गेलं तर गावाकडं जाऊन घरच्यांच्या हातात पैसे देऊन स्टँपपेपरवर मिटवायची पद्धत आहे आपल्याकडं. मृत्यूची भरपाई सरकारनं त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडंच (जुन्या कायद्यात भरपाई आयुक्त) जमा करायची असते. आगाऊ म्हणून तीन महिन्यांच्या पगारापर्यंत थेट देता येतं, त्यापलीकडं दिलेलं धरत नाहीत, परत भरायला लागतं.

मूळ प्रश्नकर्ती:
बापरे, हे स्टँपपेपरचं माहीत नव्हतं, आमच्या शेजारच्या शेडमध्ये असंच मिटवलेलं ऐकलंय. म्हणजे एजंटला खरे आकडे देते. पण मग आमचे सहा आणि ती चार धरून दहा होतात, ईएसआयचं (सरकारी कामगार विमा योजनेचं) काय?

खातेवही:
तेच विचारणार होतो. दहा झाले की ईएसआय लागू होतं आणि तुमच्या देखरेखीखाली काम करणारी ठेकेदाराची माणसंही मोजतात. पगार २१,००० पर्यंत असलेल्यांचं मालकाकडून ३.२५ आणि कामगाराकडून ०.७५ टक्के. जो ईएसआयमध्ये आहे त्याच्या अपघाताची भरपाई ईएसआय देतं, त्याला परत मालकाकडून या कायद्याखाली मागता येत नाही. पण तुमचा २४ हजारवाला वेल्डर त्याच्या बाहेर राहतो, त्याच्यासाठी डब्ल्यूसी लागणारच. तेव्हा ईएसआयचा नंबर घेतला म्हणून पॉलिसी बंद करू नका, कारखान्याच्या गेटवर बहुतेक दोन्ही मागतात.

नवीन कोडचं म्हणाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय आणि १९२३ चा कायदा तिच्यात गेला. मालकाची जबाबदारी तशीच आहे, उलट घर ते काम या रस्त्यावरचा अपघातही कामाशी संबंध दिसला तर त्यात धरतात. दुचाकीवर डबल सीट येणारी पोरं आठवा. पॉलिसीवर फक्त १९२३ चा कायदा छापून आला तर एजंटकडून संहितेचा उल्लेख असलेलं एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडायची दुरुस्ती) लेखी घ्या, तोंडी 'चालतंय हो' नको. आणि औषधोपचाराच्या खर्चाला मर्यादा घातलीय का तेवढं बघून घ्या. कायद्यानं उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाला द्यावा लागतो आणि स्वस्त पॉलिसीत नेमकी तिथंच कात्री लावलेली असते.

मूळ प्रश्नकर्ती:
धन्यवाद दोघांनाही. सोमवारी एजंटला पगारपत्रक आणि साइटची यादी घेऊन बसवते. मुकादमाकडून चार पोरांची नावं, वय आणि आधारची झेरॉक्स मागितलीय, तो म्हणतो दर आठवड्याला पोरं बदलतात. नावं न देता नुसत्या संख्येवर पॉलिसी होते का?

पत्रावाला:
होते, कामाचा प्रकार, संख्या आणि एकूण पगार यावर. पण हजेरीवही रोज भरा, त्या दिवशी तो पोरगा तुमच्या साइटवर होता हे दाखवायला तेवढंच असतं. आणि मुकादमाचं बिल हजेरी जोडल्याशिवाय पास करू नका, आपोआप नावं येतात.