मदत हवी आहे : कॅमेऱ्याचे फिल्म रोल विमानातून कसे न्यायचे? (अर्जंट)

रोलवाला_जळगाव
राम राम मंडळी. पुढच्या आठवड्यात निघतोय, कॅमेऱ्याची फॅक्टरी बघायची आहे. दोन्ही कॅमेरे सोबत. एक जण म्हणतो विमानतळावरच्या तपासणी मशीनने रोल खराब होतात, दुसरा म्हणतो काही होत नाही. मोठ्या बॅगेत टाकून देऊ का? लवकर सांगा, सामान भरायला काढलंय.

तापीकाठ
भो, कोनता कॅमेरा शे ते त सांग पहिले! देश कोणता? रोल कुठले?

सावलीप्रकाश
मोठ्या बॅगेत अजिबात नाही. चेक-इन सामानाच्या मशीनचा एक्स-रेचा मारा जबर असतो, रोल धुरकट होतात. हातातल्या बॅगेतच ठेव. आयएसओ किती, म्हणजे रोल उजेडाला किती संवेदनशील?

केळीबाग_रावेर
व्हिसा झाला का? शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) असेल तर 30,000 युरोचा मेडिकल विमा लागतो. आमच्या भाच्याचे कागद त्याच्यावरच अडकले होते.

रोलवाला_जळगाव
दादा, व्हिसा कधीचा हातात आहे. जर्मनी, वेट्झलर गाव, म्हणजे लायका कॅमेऱ्यांची फॅक्टरी. कॅमेरे निकॉन एफएम2 आणि यशिका मॅट. रोल 200, 400 आणि काही 3200 चे.

तापीकाठ
लायकाच्या दारात निकॉन! आत घेतील ना?

सावलीप्रकाश
हे आधी सांगायचं ना राव. जुन्या एक्स-रे मशीनमधून 200-400 चे रोल एक-दोनदा गेले तर काही होत नाही. 3200 चे हाताने तपासून घ्यायला सांग. खरा घोळ नव्या सीटी स्कॅनरचा आहे. त्यातून एकदाही रोल घालू नका असं कोडॅकच सांगतं. फ्रँकफर्टलाही ते बसवलेत. लॅपटॉप बॅगेतच राहू द्या म्हणाले की समजायचं, मशीन बहुतेक सीटी आहे. रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत वर ठेव आणि रांगेत लवकर जा. हाताने तपासणं त्यांच्या मर्जीवर असतं, हुज्जत घालू नकोस.

जुना_स्टुडिओ_धुळे
एवढी कटकट कशाला? शिशाची पिशवी घ्या, एक्स-रे अडवते. आमच्या काळात सगळे तेच वापरायचे.

सावलीप्रकाश
काका, पडद्यावर काळा ठोकळा दिसला की ते पिशवी उघडायला लावतात, नाहीतर पुन्हा आत सरकवतात. त्यापेक्षा आधीच हातात द्यावं.

पुणेकर_मूळची_अमळनेरची
माझं ऐका, रोल तिकडेच धुवून (डेव्हलप करून) घ्या. डीएम नावाच्या दुकानांत रोल घेतात. एकदा धुतलेल्या रोलला कुठलंच मशीन काही करत नाही.

सावलीप्रकाश
ताई, ते रोल लॅबला पाठवतात, आठवडा सहज जातो. ब्लॅक अँड व्हाइटला त्याहून जास्त. हा तिथे मुक्काम करणार आहे का?

पुणेकर_मूळची_अमळनेरची
मग किती दिवस जाणार ते त्याने लिहायला हवं होतं. मला का ओरडता?

जुना_स्टुडिओ_धुळे
चाळीसगावचे केकी मूस स्टेशनजवळच्या घरातून वर्षानुवर्षं फारसे बाहेर पडले नाहीत. टेबलावर मांडणी करून फोटो काढले आणि बक्षिसं मिळवली. फॅक्टरी बघून फोटो चांगले येत असते तर...

तापीकाठ
काका, तो फोटो सुधारायला नाही, हौस म्हणून चाललाय. जाऊ द्या त्याला.

भुसावळ_जंक्शन
वेट्झलरला जाऊन आलोय. फ्रँकफर्टहून रिजनल ट्रेनने साधारण तासभर. फॅक्टरी गावाबाहेर लाइट्झ पार्कात आहे, कंपनी 2014 साली वेट्झलरला परत आली. काचेतून काम बघता येतं, म्हणून सुटीचा दिवस टाळ. जुन्या गावातला आयझेनमार्क्ट चौक चुकवू नकोस. लायका बनवणाऱ्या ऑस्कर बार्नाकने 1914 मध्ये पहिल्यावहिल्या लायकाने तिथे फोटो काढला होता. ती जागा जमिनीवर खुणेने दाखवली आहे, तिथूनच तू एक काढ. आणि निघताना मुंबईला कस्टम्सकडून जुन्या कॅमेऱ्यांचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घे, नाहीतर परतताना कॅमेरे तिकडचेच म्हणून कोणी अडवायचं.

रोलवाला_जळगाव
हे कामाचं! सर्टिफिकेट कुणीच सांगितलं नव्हतं. यशिकात एक 3200 चा रोल भरलेलाच आहे, तो तसाच नेला तर चालेल ना?

सावलीप्रकाश
आता सांगतोस होय! कॅमेरा मशीनमधून जाणार म्हणजे आतला रोलही जाणार. इथेच संपव.

रोलवाला_जळगाव
मेहरूण तलावावर जाऊन संपवतो मग.

तापीकाठ
भर दुपारी 3200 चा रोल? तलाव पांढराफटक येईल. अंधार पडल्यावर जा.