सल्ला हवा: साइट गूगलवर सापडतच नाही (बजेट शून्य)

चाकआणिचेन: घरच्या घरी सायकल दुरुस्तीवर वर्डप्रेसची साइट केलीय. सगळ्या दुरुस्त्या एकाच लांब पानावर आहेत. साइटचं पूर्ण नाव टाकूनही गूगलवर येत नाही. खर्च करायचा नाही. एसइओची, म्हणजे शोधात साइट वर आणण्याच्या कामाची, सुरुवात कुठून करू?

खटपट्या: पेड एसइओ प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचं तयार साधन) घ्या. मी दरवर्षी पैसे भरतो, माझ्या सगळ्या लेखांना त्यात हिरवा दिवा आहे.

निळीशाई: ते बजेट शून्य म्हणालेत! आणि दिवा प्लगिनचा, गूगलचा नाही. चाकदादा, पान फोडा. प्रत्येक दुरुस्तीला वेगळं पान आणि नेमकं शीर्षक द्या. 'मुख्यपृष्ठ' कोण शोधतंय? 'उतरलेली चेन कशी बसवावी' असं लोक टाइप करतात.

जुनाजाणता: कीवर्ड टॅगमध्ये (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी) शब्द भरा. आम्ही त्यावरच साइट वर आणल्या.

निळीशाई: काका, क्रमवारीसाठी तो टॅग बघत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.

जुनाजाणता: जगात गूगल एकटंच आहे का? पान फोडा हे मात्र बरोबर.

रानपाखरू: बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारी लिंक) विकणाऱ्यांना दारात उभं करू नका. आमच्या एजन्सीने जुगाराच्या साइट्सवरून लिंका आणल्या, अशा लिंकांवर गूगलने आणलेल्या २०१२ च्या पेंग्विन अपडेटमध्ये आम्ही झोपलो. पैसे गेले ते गेलेच.

कोडकिडा: अहो, नाव टाकूनही येत नाही म्हणजे क्रमवारी फार पुढची गोष्ट. साइट इंडेक्समध्येच, म्हणजे गूगलच्या नोंदवहीतच, नसणार. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडा. सर्च इंजिनांना साइट इंडेक्स करू नका असं सांगणारी चौकट तिथे आहे. साइट बांधताना टिक करतात आणि ती तशीच राहते. टिक काढा, मग सर्च कन्सोलमध्ये (गूगलचं साइटमालकांसाठीचं साधन) साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, द्या. फुकट आहे.

रानपाखरू: रोबोट्स फाइलही (कुठली पानं वाचू नयेत हे सर्च इंजिनांना सांगणारी फाइल) बघा. तिथे पान अडवलं असेल तर गूगल ते वाचतच नाही.

खटपट्या: पेड प्लगिन ही टिक लगेच दाखवतो, म्हणून म्हणत होतो. पान फोडाच.

चाकआणिचेन: कोडकिडा, टिक होतीच! सर्च कन्सोलमध्येही 'नोइंडेक्स'मुळे (इंडेक्स करू नका ही खूण) पान वगळल्याचं दिसलं. टिक काढली, साइटमॅप दिला, इंडेक्सिंगची विनंतीही केली. पान मात्र फोडणार नाही. लोक ते छापून घेतात आणि हात काळे असताना समोर ठेवतात. शीर्षक 'सायकल दुरुस्ती: पंक्चर, चेन, ब्रेक, गियर' केलंय, आत उपशीर्षकं घालतोय.

निळीशाई: चेन शोधणारा पंक्चर वाचत बसणार नाही हो. निदान वर अनुक्रमणिका तरी द्या, थेट त्या भागावर नेणाऱ्या लिंकांसकट.

चाकआणिचेन: ते करतो.