मदत हवी आहे: टर्बो सी++ मधला दूध संस्थेचा जुना प्रोग्राम जीसीसी कंपायलरवर नेला, आता सभासदांचे आकडे घसरतात

मंडळी, दोन रविवार यात गेले, म्हणून धागा काढतोय. मोबाइलवरून लिहितोय, कोड चिकटवता येत नाही. शब्दांतच सांगतो, सांभाळून घ्या.

कोल्हापूरकडच्या आमच्या गावात दूध संस्थेचं संकलन आणि दर दहा दिवसांचं बिल बाबांनी १९९५ साली लिहिलेल्या प्रोग्रामवर चालायचं. टर्बो सी++ ३.०, पण आतला कोड निव्वळ सी. नावं मराठीत, जिस्ट कार्ड (डॉसवर मराठी टाइप करायचं आणि दाखवायचं जोडकार्ड) लावून टाइप केलेली, म्हणजे फाइलमध्ये इस्की (भारतीय लिप्यांसाठीची युनिकोडआधीची सांकेतिक पद्धत). गेल्या महिन्यात तो पीसी बसला. हार्ड डिस्क वाचली. नव्या पीसीवर ६४ बिटी विंडोज आहे, त्यावर १६ बिटी प्रोग्राम चालत नाहीत. जिस्ट कार्ड खोचायला जुन्या पद्धतीचा आयएसए स्लॉटही नाही.

मी ६४ बिटी मिनजीडब्ल्यू, म्हणजे विंडोजवरचं जीसीसी, घेतलं. स्क्रीन पुसणं, कर्सर हलवणं वगैरे सगळं वेगळ्या फाइलमध्ये काढून नव्याने लिहिलं. बाबांना ‘फार’ (far) पॉइंटरने थेट व्हिडिओ मेमरीत लिहायची भारी हौस होती, तेही उडवलं. शेवटी एकही एरर न येता कंपाइल झालं. वाटलं, जिंकलो.

सभासद फाइल एका स्ट्रक्टची (ठरावीक क्रमाने रकाने बसवलेल्या नोंदीची) आहे. त्यात क्रमांक इंट (पूर्णांक), नाव ३१ अक्षरांचं, गाय-म्हैस एक अक्षर, लिटर फ्लोट (दशांश), फॅट फ्लोट, रक्कम लाँग (मोठा पूर्णांक). वाचल्यावर पहिल्याच नावाची पहिली दोन अक्षरं गायब आणि क्रमांक भलताच. टर्बोत इंट दोन बाइटांचा असायचा हे आठवलं, म्हणून क्रमांक शॉर्ट (दोन बाइटांचा) केला. आता पहिलं नाव आणि क्रमांक बरोबर येतात, पण लिटर आणि फॅटमध्ये कचरा. दुसऱ्या ओळीत क्रमांक −९५१३. पुढे सगळा गोंधळ, आणि २४ व्या ओळीला प्रोग्रामला अचानक शहाणपण येतं: क्रमांक आणि नाव एकदम बरोबर, फक्त ते २५ व्या सभासदाचं!

साइझऑफ (स्ट्रक्टची लांबी सांगणारा) ४८ देतो. फाइल १४,३५२ बाइटांची आहे, ४८ ने भागलं की बरोबर २९९ येतात, बाकी शून्य. म्हणजे लांबीचा घोळ नसावा असं मी धरलं. फाइल बायनरी मोडमध्येच उघडतो. चुकतंय कुठे?

चहाबाज: डॉसबॉक्स टाका, त्यात जुने डॉस प्रोग्राम चालतात, आणि झोपा की. कशाला उकरताय?

धागाकर्ता: डॉसबॉक्समध्ये टर्बो चालतंय, पण जिस्टशिवाय नावांच्या जागी चौकटी आणि रेघा दिसतात. त्यात पुढे फॅट मशीनही जोडायचं आहे.

बिटबहाद्दर: एक विचारतो, हसू नका. तुमच्या यादीत दुसरा सभासद सावंत, साळोखे असा ‘सा’ वरून आहे का?

धागाकर्ता: साळोखे! तुम्हाला कसं कळलं??

बिटबहाद्दर: −९५१३ मुळे. दोन बाइटांत तो आकडा हेक्समध्ये (सोळाच्या पायात) डीएडी७ असा पडतो. इंटेलवर खालचा बाइट आधी, म्हणजे फाइलमध्ये आधी डी७, मग डीए. इस्कीत डी७ म्हणजे स आणि डीए म्हणजे काना. तुमचा प्रोग्राम दुसऱ्या सभासदाचं नाव क्रमांक म्हणून वाचतोय, म्हणजे दोन बाइट पुढे घसरलाय.

आता जुनी लांबी मोजा. २ + ३१ + १ + ४ + ४ + ४ = ४६. टर्बो डिफॉल्टने मध्ये भर घालत नाही. जीसीसीला मात्र फ्लोट चाराच्या पटीतल्या जागेवर हवा असतो. ३४ नंतर तो दोन बाइट रिकामे सोडतो आणि फ्लोट ३६ वर ठेवतो, म्हणून ४८. तुमचा इंट चार बाइटांचा होता तेव्हाही ४८ च, कारण तेव्हा ते दोन बाइट क्रमांकात गेले होते. म्हणूनच शॉर्ट करून लांबी हलली नाही. दर ओळीला दोन बाइट घसरण, २३ ओळींत ४६, म्हणजे बरोबर एक सभासद गिळला. २४ व्या ओळीचं शहाणपण ते हे. तुमचे सभासद २९९ नाहीत, १४,३५२ भागिले ४६, म्हणजे ३१२. ४८ नेही पूर्ण भाग गेला हा निव्वळ दुर्दैवी योगायोग.

उपाय: त्या स्ट्रक्टच्या आधी प्रॅग्मा पॅक पुश, १ (म्हणजे मध्ये भर नको) आणि नंतर पॉप. सगळ्या प्रोग्रामला एफ-पॅक-स्ट्रक्ट लावू नका, लायब्ररीच्या स्ट्रक्टशी जमणार नाही. आणि लाँगच्या जागी इंट३२_टी (कायम चार बाइटांचा) लिहा. विंडोजवर लाँग चार बाइटांचा आहे म्हणून आज चालतंय, उद्या ६४ बिटी लिनक्सवर नेलंत तर तो आठचा होईल.

धागाकर्ता: ३१२ बरोबर! दंडवत घ्या. लिटर, फॅट, सगळं जागेवर. पण अक्षरवार यादी काढायला गेलो की प्रोग्राम कोसळतो. २५६ घरांचा ॲरे आहे, नावाचं पहिलं अक्षर थेट इंडेक्स म्हणून वापरलंय. टर्बोत हेच तीस वर्षं चाललं.

जुनं खोड: मी त्याच काळातला. इस्कीची सगळी अक्षरं १६१ च्या पुढे. कॅर (एका अक्षराचा टाइप) साइन्ड, म्हणजे उणे आकडेही धरणारा, असेल तर ‘स’ २१५ न राहता −४१ होतो आणि इंडेक्स ॲरेच्या बाहेर जातो. डिफॉल्टने टर्बोतही कॅर साइन्डच असतो. म्हणजे वडिलांनी तो बदललेला असणार. डॉसबॉक्समध्ये त्यांची प्रोजेक्ट फाइल उघडा, ऑप्शन्स, कंपायलर, कोड जनरेशन. तिथे अनसाइन्ड कॅरेक्टर्सवर फुली आहे का बघा.

धागाकर्ता: फुली आहे. बाबांना विचारलं तर म्हणाले, “ते लावल्याशिवाय मराठी चालायचंच नाही, एवढंच आठवतंय.” सोर्समध्ये याचा एक शब्द नाही!

जुनं खोड: आमच्या पिढीची खोड. जीसीसीला एफ-अनसाइन्ड-कॅर द्या, लगेच चालेल. पण सवडीने कोडमध्येच अनसाइन्ड कॅर लिहा, नाहीतर तुमचा मुलगा असाच धागा काढेल. आणि पावती क्रमांक कसा वाढतो तेही बघा. ३२,७६७ नंतर उणे झाला की एकवर आणायचा, अशी युक्ती तेव्हा सर्रास असायची. इंट चार बाइटांचा झाला की ती वेळच येत नाही.

धागाकर्ता: अगदी तसंच लिहिलंय! आता थेट ३२,७६७ शी तुलना टाकली. राहिलं एकच. जुनं बिल नव्याने काढून ताडलं, तर काही सभासदांना एक पैसा जास्त येतो. दर ८.७० आणि दूध एक लिटर असेल तर जुना प्रोग्राम ८६९ पैसे म्हणतो, नवा ८७०.

बिटबहाद्दर: फ्लोटमध्ये ८.७ नेमका बसत नाही, ८.६९९९९९८ च्या आसपास बसतो. शंभरने गुणून लाँगमध्ये टाकला की अपूर्णांक कापला जातो. टर्बो गुणाकार को-प्रोसेसरच्या ८० बिटी रजिस्टरमध्ये करायचा, तिथे ८६९.९९९९८ टिकतं आणि कापल्यावर ८६९ उरतात. तुमचं ६४ बिटी जीसीसी तोच गुणाकार फ्लोटच्याच अचूकतेत करतं, तिथे तो आकडा जवळच्या ८७० वर जाऊन बसतो. जुन्या बिलांशी पैसा न पैसा जुळवायचं असेल तर गुणण्याआधी डबलमध्ये टाका, ८६९ च येतील. पुढच्यासाठी दर पैशांत पूर्णांक ठेवा आणि लिटर मिलिलिटरमध्ये. पैशाच्या हिशोबात फ्लोट नकोच.

चहाबाज: म्हणजे खरी चूक जुन्या प्रोग्रामची? तीस वर्षं पैसा कापत होता?

बिटबहाद्दर: हो, असा दर पडला की. नवाही नशिबानेच बरोबर येतोय म्हणा, दुसऱ्या एखाद्या दराला तोही चुकेल.

धागाकर्ता: डबल टाकून मागची तीन बिलं ताडली, सगळी जुळली. पुढच्या दहा दिवसांपासून पूर्णांक पैसे. इस्कीतून युनिकोडमध्ये नावं नेण्याचा तक्ता अर्धा झालाय, फक्त नुक्ता आणि इन्व्ह (इस्कीतलं अदृश्य अक्षर) यांच्याशी झटापट चालू आहे, त्याचा वेगळा धागा काढेन. बाबांना ८६९ ची गोष्ट सांगितली. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “चेअरमनांना एवढ्यात सांगू नकोस.”