लेकरू गेलेल्या घरी मनन: ईयोबातून काय घ्यावं?

तरुणसंघ
मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका घरी लहान लेकरू आजारपणात गेलं. शनिवारी तिथे प्रार्थनासभा आहे, मननाला, म्हणजे वचन वाचून थोडं बोलायला, १० मिनिटं. भेटायला येणारे कोणी ‘देवाची इच्छा’ म्हणतात, कोणी आईबापाचं पाप काढतात. ईयोब म्हणजे बायबलातलं निर्दोष माणसावर दुःख कोसळल्याचं पुस्तक; त्याच्या ४२ अध्यायांतून नेमकं काय वाचू?

जुना_करार
अध्याय २, वचनं ११-१३ (२:११-१३) आणि ४२:७, बस. ईयोबाचे मित्र ७ दिवस ७ रात्री जमिनीवर गप्प बसले, तिथवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. दुःख आलं म्हणजे पाप असणारच, हा त्यांचा हिशोब. ४२:७ मध्ये देवाचा राग पेटतो तो त्यांच्यावर. ३८ ते ४१ मध्ये देव एवढा बोलतो, पण ‘का’ ते सांगत नाही. सैतानाचं देवाशी झालेलं पहिल्या दोन अध्यायांतलं बोलणं ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. मग कारण सांगायला आपण कोण?

एक सांभाळा. ‘शेवटची स्थिती उत्तम होईल’ हे ८:७ लोक आशीर्वाद म्हणून वापरतात. ते त्याच मित्रांपैकी बिल्ददाचं बोलणं आहे, आणि ८:४ मध्ये तोच म्हणतो की तुझ्या मुलांनी पाप केलं, त्याचं फळ त्यांना मिळालं. त्या घरात हा अध्याय उघडूच नका.

रविवारशाळा
पाप काढणाऱ्यांना योहान ९:३. जन्मापासून आंधळ्या माणसाबद्दल, याचं पाप की आईबापाचं, असं शिष्यांनीच विचारलं. येशूने दोन्ही नाकारलं. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले १८ जणही इतरांहून पापी नव्हते, लूक १३:४. ‘भोग असतात एकेकाचे’ हे आपल्या ख्रिस्ती घरांतही सर्रास बोललं जातं, म्हणून हे मोठ्याने वाचा.

तरुणसंघ
पण योहान ५:१४? तिथे येशूने आजारी माणसाला ‘आता पाप करू नको’ म्हटलंय की.

जुना_करार
म्हटलंय, पण त्या माणसाला बरं केल्यावर, मंदिरात गाठून, त्यालाच. दारूने लिव्हर गेलं तर कारण दिसतंच, नाकारू नये. ते या लेकराला कसं लावणार?

रविवारशाळा
रोमकरांस ८:२८, ‘देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’, हे कोणीतरी म्हणणारच. घ्यायचंच तर २२ पासून घ्या: सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, २६ मध्ये पवित्र आत्माही. नुसतं २८ वाचलं तर आईला ऐकू येतं, ‘गेलं ते बरंच झालं’. प्रार्थनेला स्तोत्र १३ पुरे, सहाच वचनं, त्यात ‘कोठवर’ चारदा. गीतं दोनच ठेवा, आणि घरच्यांना साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सर्वांसमोर सांगायला, उभं करू नका.