गर्भपाताला नवऱ्याची सही कायद्यात नाही, मग दवाखान्यात का मागतात?

कृष्णाकाठची: मामेबहिणीला दोन पोरं आहेत, तिसऱ्यांदा दिवस गेले, नको होतं. तालुक्यातल्या एका खाजगी दवाखान्यात गेली तर म्हणे मिस्टरांना घेऊन या. मिस्टर ट्रकवर, तेव्हा गुवाहाटीकडे. आठवा आठवडा चालू होता, तो परत येईपर्यंत गोळ्यांची ९ आठवड्यांची मुदत गेली आणि मग क्युरेटिंग करावं लागलं. १९७१ च्या एमटीपी म्हणजे गर्भपाताच्या कायद्यात १८ वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते, फॉर्म सी, म्हणजे संमतीच्या फॉर्मवर नवऱ्याच्या सहीला जागाच नाही. मग हा नियम आणला कुणी?

ओपीडीवाला: मी स्वतः सही घेतो, लपवत नाही. कायदा आम्हालाही पाठ आहे हो, पण उद्या सासरचे दहा जण येऊन काचा फोडायला लागले की त्यांना फॉर्म सी वाचून दाखवू का? सतरा वर्षांची मुलगी आली तर वेगळंच, पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) पोलिसांना कळवलं नाही तर केस आमच्यावर.

कृष्णाकाठची: २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय ना, मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना तिचं नाव सांगायची गरज नाही.

ओपीडीवाला: ठाण्यातल्या हवालदाराला हे एकदा सांगून बघा.

बार्शीचा बाळू: परळी २०१२, म्हैसाळ २०१७, विसरलात काय लगेच? लिंग तपासून पोटातल्या मुली पाडायचे कारखानेच होते ते. मेडिकलवाले गोळ्या ठेवत नाहीत ते बरंच आहे, कडक पाहिजेच.

अर्धवट_फार्मासिस्ट: बाळूभाऊ, सोनोग्राफीत मुलगा-मुलगी बारा-तेरा आठवड्यांच्या आधी धड कळत नाही आणि गोळ्यांचं किट चालतं नवव्यापर्यंत. म्हणजे गोळी बंद करून तुम्ही नेमकं कुणाला अडवलं? दुकानदार ठेवत नाही कारण एकेका किटचा हिशोब देत बसायचा, तपासणीला आले की पहिलं तेच रजिस्टर मागतात, त्यापेक्षा नकोच ते.

बार्शीचा बाळू: आता रक्तावरून पण कळतं म्हणे दहाव्या आठवड्यात. आज सूट दिली की उद्या पळवाट. आणि नवरा-बायकोचं मूल आहे, त्याला विचारायचंच नाही हे मला पटत नाही, कायदा काहीपण म्हणू दे.

कृष्णाकाठची: घरात विचारा की, कोण नको म्हणतंय. प्रश्न दवाखान्याने अडवण्याचा आहे. गर्भनिरोधक फेल गेलं हे कारण २०२१ च्या दुरुस्तीपासून लग्न न झालेलीलाही चालतं, ती कुणाची सही आणणार?

ओपीडीवाला: तिला मी सरळ सिव्हिलला पाठवतो. वीस आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं मत लागतं, तो एक मी नको. भित्रा म्हणा हवं तर. पोलीस संरक्षण देणार असाल तर उद्यापासून सही बंद.

कृष्णाकाठची: मग बोर्डावर तसं लिहा की, सही कायद्याला लागत नाही, मला लागते. बायका नवव्या आठवड्याच्या आत दुसरीकडे तरी जातील.