आपली गाडी हलली की शेजारची? (अनुभव धागा)

मंडळी, शाळेत सापेक्ष गतीचा धडा होता. दोन आगगाड्या, एक पूल आणि हमखास येणारं गणित. धडा विसरला तरी प्रवासात त्याची गाठ पडतेच. वेग कशाच्या तरी सापेक्षच मोजायचा असतो, पण ते 'कशाच्या तरी' आपले डोळे आपल्याला न विचारताच ठरवून टाकतात. तुमच्या डोळ्यांनी कधी काय ठरवलं ते इथे लिहा. सूत्रं चालतील, पण प्रसंग हवा.

सुरुवात मी करते. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी, त्यामुळे क्रॉसिंगला गाडी रखडणं नित्याचंच. त्या दिवशी शेजारच्या रुळावर रो-रो उभी होती, म्हणजे वाघिणींवर चढवलेले भरलेले ट्रक. ही सेवा 1999 पासून आहे. खिडकीभर एका ट्रकचं मागचं चाक आणि त्यावरची वाळलेली लाल माती. थोड्या वेळाने ट्रक सरकायला लागला, चाक मात्र फिरेना! न फिरणाऱ्या चाकाचा ट्रक चालेल कसा? म्हणजे आपणच निघालो. समोरचे काका चहाचे सुटे पैसे हातात घेऊन "अरे सुटली, सुटली" करत दाराकडे पळाले. पलीकडच्या खिडकीतून पाहिलं तर फलाटावरचं बाकडं जागच्या जागी, चहावालाही जागच्या जागी. खिडकी व्यापून टाकणारी वस्तू डोळे 'जग' म्हणून धरतात आणि जग तर स्थिरच असणार. गाडी सावकाश सुटली की शरीरालाही फारसा धक्का जाणवत नाही, त्यामुळे डोळ्यांना खोटं पाडायला साक्षीदारच नसतो.

रोजचा_कुर्लेकर

आमच्याकडे याच्या उलट. फास्ट आणि स्लो लोकल शेजारी शेजारी, दोन्ही साधारण 70 च्या वेगाने. समोरच्या दारातल्या माणसाच्या मोबाईलवर धावफलक वाचता येतो, इतका तो 'थांबलेला' असतो. मग स्लोला स्टेशन येतं, ब्रेक लागतो आणि तो अलगद मागे वाहून जातो.

तीच लोकल समोरून आली तर? 12 डब्यांची गाडी साधारण 250 मीटर. 70 अधिक 70 म्हणजे 140, सेकंदाला 39 मीटर. सहा-साडेसहा सेकंदांत खेळ खलास. आपण फलाटावर उभे असू तर त्याच गाडीला तेरा सेकंद लागतात.

भिजलेला_पुणेकर

स्कूटर आणि पाऊस. मोठा थेंब ताशी 30 किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. वारा नसताना तुम्हीही 30 वर असाल तर पाऊस 45 अंशांत तोंडावर. सिग्नलला थांबा, तोच पाऊस सरळ डोक्यावर. म्हणून रेनकोटची पँट आधी मांडीवर भिजते, पाठ बरीच कोरडी राहते. एवढंच.

दर्यावर्दी

मर्चंट नेव्हीत होतो. लांबवर तिरकं येणारं जहाज दिसलं की होकायंत्रावर त्याची दिशा घ्यायची. काही मिनिटांनी पुन्हा घ्यायची. आकडा बऱ्यापैकी बदलत असेल तर ते आपल्या पुढून किंवा मागून निघून जाणार. आकडा तोच आणि अंतर घटतंय, तर टक्कर होणार असं समजूनच हालचाल करायची. हे आंतरराष्ट्रीय नियमांतच आहे.

ऐकायला सोपं, पण पाहताना मन मानत नाही. रात्री नुसता एक दिवा असतो. तो काचेवर एकाच जागी चिकटलेला, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. सगळ्यात निरुपद्रवी दिवा तोच वाटतो, कारण तो हलत नाही. आपल्या सापेक्ष त्याला आडवी गती नाही याचा अर्थ तो थेट आपल्याकडे येतोय. इकडून तिकडे पळणाऱ्या दिव्यांची मला कधीच भीती वाटली नाही.

गाडी चालवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. मोकळ्या माळावरच्या चौफुलीला आडव्या रस्त्याने येणारी मोटारसायकल अशीच पुढच्या काचेच्या खांबाआड लपून राहते. खांबाच्या दोन्ही बाजूंनी डोकावून बघायची सवय लावून घ्या.

गणिताच्या_बाई

दर्यावर्दींना पुस्ती जोडते. दुपदरी रस्त्यावर तुम्ही 80 वर, पुढचा ट्रक 60 वर. ट्रकची लांबी आणि मागचं-पुढचं अंतर धरून 40 मीटरची आघाडी घ्यायची आहे. फरकाचा वेग फक्त 20, म्हणजे सात सेकंद. त्या सात सेकंदांत रस्त्यावर तुम्ही 160 मीटर जाता आणि समोरून 80 ने येणारी गाडीही 160. म्हणजे किमान 320 मीटर रस्ता रिकामा हवा. मुलांना फळ्यावर हे करून दाखवलं की वर्ग गप्प होतो. ट्रककडे बघून ठरवलं तर 40 मीटरच दिसतात.

घाटातली_मीरा

मला गाडी लागते. पुस्तक उघडलं की पाचच मिनिटांत. डोळे पानाला स्थिर मानतात, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो वळण चाललंय, आणि भांडणात पोट मरतं. आवळासुपारीपेक्षा ड्रायव्हरशेजारची सीट आणि लांबचा डोंगर जास्त उपयोगी.

लंडनची_फ्लाइट

एक शंका. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाताना लंडन आपणहून जवळ यायला हवं. प्रत्यक्षात मुंबईहून जायलाच जास्त वेळ लागतो, यायला कमी. असं का?

गणिताच्या_बाई

मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1580 किलोमीटरने पूर्वेकडे जातेच आहे, पण धावपट्टीवरचं विमान आणि वरची हवाही तिच्याबरोबर जातात. चाकं उचलली म्हणून तो वेग कोणी काढून घेत नाही. फरक पडतो तो उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्यांनी. विमान हवेच्या सापेक्ष 900 ने उडतं. वारा 150 चा असेल तर जमिनीच्या सापेक्ष जाताना 750, येताना 1050. सीटसमोरच्या पडद्यावर दिसतो तो हाच जमिनीचा वेग.

शंका मात्र जुनी आहे बरं का. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठ मागे जाताना दिसतो, तशाच स्थिर तारका पश्चिमेकडे जाताना दिसतात, असं आर्यभटाने 499 च्या सुमारास लिहिलं. पुढे वराहमिहिराने विचारलं, पृथ्वीच फिरत असेल तर आकाशात गेलेले ससाणे आपल्या घरट्यात परत कसे येतात? ससाण्याच्या जागी विमान ठेवा, झाला तुमचा प्रश्न.

लंडनची_फ्लाइट

म्हणजे मी थेट वराहमिहिराच्या पंगतीत! आता येताना खिडकी सोडून पडद्यावरचा आकडाच बघत बसणार.