महिनाभरात सात कादंबऱ्या: तीन वाचलेल्या, चार ऐकलेल्या

पानखूण:

गेल्या महिन्यात मी सात कादंबऱ्या पूर्ण केल्या. त्यांपैकी तीन छापील पुस्तकांतून वाचल्या आणि चार ऑडिओबुकच्या रूपाने ऐकल्या. हे ठरवून झाले नव्हते. डोळ्यांवर ताण येऊ लागल्यामुळे रात्रीचे वाचन थांबवावे लागले आणि तो वेळ आपोआप ऐकण्याकडे वळला. महिनाअखेरीस नेहमीप्रमाणे प्रत्येक कादंबरीवर वहीत पानभर टिपण लिहायला बसले, तेव्हा जे लक्षात आले ते येथे मांडून तुमचे अनुभव विचारावेत असे वाटते.

वाचलेल्या तिन्ही कादंबऱ्यांचा आराखडा मला जवळजवळ पूर्ण आठवत होता. कोणते प्रकरण कशानंतर येते, पत्र कोणी कोणाला लिहिले, इतकेच काय, एखादे महत्त्वाचे वाक्य डाव्या पानाच्या तळाशी होते हेसुद्धा डोळ्यांपुढे येत होते. ऐकलेल्या कादंबऱ्यांमधली माणसे मात्र वेगळ्या रीतीने आठवली. त्यांचा आवाज, चिडण्याची पद्धत, बोलता बोलता मध्येच गप्प होणे हे सारे स्पष्ट होते. घटनांचा क्रम मात्र विस्कटला होता. एका कुटुंबाच्या चार पिढ्यांची कथा सांगणारी मोठी कादंबरी मी सुमारे चौदा तास ऐकली, आणि तरीही त्यातल्या दोन चुलतभावांपैकी घर सोडून कोण गेला हे टिपण लिहिताना मला सांगता येईना. पुस्तक हातात असते तर दोन पाने मागे जाऊन पाहिले असते, आणि तसे पाहिल्याची नोंदही मनाने घेतली नसती.

याच्या उलट अनुभवही आला. दुसऱ्या एका कादंबरीत मुलगा गेल्यानंतर आई त्याचा सदरा घडी करून ठेवते आणि लगेच पुन्हा उलगडते, असा लहानसा प्रसंग आहे. त्या वेळी मी भांडी घासत होते. वाचणाऱ्या बाईंनी त्या दोन क्रियांच्या मध्ये श्वासभर थांबा घेतला आणि मी नळ बंद करून, साबणाच्या हातांनी तशीच उभी राहिले. नंतर ती कादंबरी छापील स्वरूपात मिळवून तो प्रसंग शोधला, तर तो जेमतेम दीड ओळीचा निघाला. माझी नेहमीची वाचण्याची गती पाहता मी त्यावरून पुढे निघून गेले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

म्हणून विचारते: ऐकलेली कादंबरी ‘वाचली’ असे आपण म्हणावे का? कोणती कादंबरी कानांनी घ्यावी आणि कोणती डोळ्यांनी, हे तुम्ही आधी कसे ठरवता? आणि ध्वनिमुद्रणाची गती वाढवून ऐकण्याने काही हरवते का?

सावकाश:

तुम्ही मागे जाऊन पाहण्याबद्दल जे लिहिले आहे, त्यातच बरेचसे उत्तर आहे असे मला वाटते. वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही. तो उड्या घेत जातो आणि प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो. या उड्यांपैकी दहा ते पंधरा टक्के उड्या मागच्या दिशेने असतात, असे वाचनाच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. म्हणजे आपण एकदा वाचतो असे म्हणतो, तेव्हाही मजकुराचा काही भाग दोनदा पाहिलेला असतो. ऐकताना ही सोय नाही. मन क्षणभर दुसरीकडे गेले तर डोळा थांबतो किंवा तीच ओळ पुन्हा पाहतो, पण आवाज आपल्यासाठी थांबत नाही. म्हणूनच अनेक नावे, नकाशे, वंशावळ किंवा काळाच्या उलटसुलट उड्या असलेली कादंबरी मी छापीलच घेतो, आणि एकाच व्यक्तीने स्वतःची हकिगत सांगितलेली कादंबरी ऐकतो.

गतीविषयी: इंग्रजी ऑडिओबुक साधारणतः मिनिटाला दीडशे शब्दांच्या आसपास वाचले जाते, म्हणजे एका तासात सुमारे 9,000 शब्द होतात, प्रौढ माणूस मनातल्या मनात त्याहून बराच जलद वाचतो. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच जोडले जात असल्यामुळे शब्द लांब होतात आणि हा आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही, परंतु वाणी ही मौन वाचनापेक्षा मंद असते हे खरेच आहे. त्यामुळे सव्वापट गती मला खटकत नाही. दीडपट केली की थांबे आखडतात, आणि तुम्हाला नळ बंद करायला लावणारा तो श्वासही त्यात गेला असता.

श्रुतवाचक:

मला जन्मापासून दिसत नाही. ब्रेल मी वाचतो, पण कादंबऱ्या बहुतेक ऐकूनच वाचल्या आहेत, आणि ‘वाचल्या’ हा शब्द मी येथे विचारपूर्वक वापरत आहे. ऐकलेले वाचन मानावे का, हा प्रश्न मला नवा नाही. दरवेळी त्याने थोडे दुखावले जाते, कारण त्याचा अर्थ लावत गेले तर मी आयुष्यभर काही वाचलेलेच नाही असे ठरते. तुमचा हेतू तसा नव्हता हे तुमच्या लिहिण्यावरून कळते.

एक इतिहास मात्र सर्वांना माहीत असावा. एडिसनने 1877 साली फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या संभाव्य उपयोगांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत अंध व्यक्तींसाठी बोलणारी पुस्तके होती. ती प्रत्यक्षात यायला अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. अमेरिकेत 1934 आणि ब्रिटनमध्ये 1935 च्या सुमारास अशी पुस्तके तबकड्यांवर वाचकांना मिळू लागली. ब्रिटनमध्ये या कामामागे पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची निकड मोठी होती. एका कादंबरीसाठी तबकड्यांची चवड लागे आणि दर थोड्या वेळाने उठून तबकडी उलटावी लागे. आज सर्वांना सोयीचे वाटणारे हे माध्यम ज्यांच्यासाठी उभे राहिले, त्यांच्यासाठी ती सोय नव्हती. पुस्तकापर्यंत स्वतः पोहोचण्याचा तोच मार्ग होता.

मागे जाण्याच्या अडचणीबद्दल मी अनुभवाने सांगतो. डेझी नावाचा पुस्तकांचा एक प्रकार आहे, ज्यात प्रकरण, पान, काही पुस्तकांत तर वाक्य असे टप्पे धरून पुढे-मागे जाता येते. साध्या ऑडिओबुकमध्येही पंधरा किंवा तीस सेकंद मागे नेणारे बटण असते, पण बहुतेक डोळस श्रोते ते क्वचितच वापरतात, कारण त्यांचे हात दुसऱ्या कामात असतात. मी कादंबरी ऐकतो तेव्हा दुसरे काहीही करत नाही. बसून ऐकतो, संशय आला की मागे जातो, आणि नवे पात्र आले की त्याचे नाव ब्रेलमध्ये टिपतो. तुमच्या चुलतभावांचा घोटाळा कानांमुळे झाला की भांड्यांमुळे, हे एकदा तपासून पाहावे अशी माझी विनंती आहे. गतीचे म्हणाल तर बातम्या आणि पत्रे मी संगणकाच्या आवाजात पुष्कळ वेगाने ऐकतो. कादंबरी मात्र जशी वाचली गेली आहे तशीच ऐकतो.

अनुस्वार:

मी ऑडिओबुकसाठी वाचन करते, म्हणून दुसऱ्या बाजूने थोडे लिहिते. ध्वनिमुद्रणाआधी संपूर्ण कादंबरी वाचून काढावी लागते, कारण एखादे पात्र अडखळत बोलते हे लेखक विसाव्या प्रकरणात सांगतो आणि तोवर त्याला सहज बोलता ठेवले असेल तर मागचे सारे काम पुन्हा करावे लागते. तयार एका तासासाठी स्टुडिओत दोन तास तरी सहज जातात. पोटातली गुरगुर, कपड्याची सळसळ, जीभ अडखळणे, प्रत्येक वेळी थोडे मागे जाऊन पुन्हा वाचायचे.

परंतु खरे कठीण काम निर्णयाचे असते. ‘तो आला नाही म्हणून ती रडली नाही’ हे वाक्य घ्या. तो आला नाही, आणि त्यामुळे तिचे रडणे टळले, असा एक अर्थ होतो. ती रडली खरी, पण तो न आल्यामुळे नव्हे, असा दुसरा. कागदावर दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात आणि काही लेखकांना ते तसेच हवे असतात. मला मात्र ‘म्हणून’च्या आधी थांबायचे की नंतर, हे ठरवावेच लागते, आणि मी ठरवले की ऐकणाऱ्यापुरता दुसरा अर्थ संपतो. कधी याच्या उलट घडते: ‘जरा’ हा शब्द ‘थोडे’ या अर्थी वेगळा आणि ‘वार्धक्य’ या अर्थी वेगळा उच्चारला जातो, त्यामुळे वाचकाला जे संदर्भाने ओळखावे लागते ते श्रोत्याला आयते मिळते.

म्हणून माझ्यापुरते उत्तर असे आहे की, ऐकणे हे वाचनच आहे, पण ते दुसऱ्याने एकदा वाचून झाल्यानंतरचे वाचन आहे. ज्या कादंबरीचे सौंदर्य वाक्यांच्या संदिग्धतेत आहे, ती मी स्वतः कधीच ऐकत नाही. संवादांनी भरलेली, बोलीभाषेतली कादंबरी मात्र चांगल्या आवाजात आधी ऐकावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण छापील बोली अनेकांना अडखळवते आणि तिची लय कानातच उमगते.

पानखूण:

सर्वांचे मनापासून आभार. श्रुतवाचक, माझ्या प्रश्नाच्या शब्दांनी तुम्हाला दुखावले याबद्दल क्षमा मागते. टिपणवहीत मी आता सातही कादंबऱ्यांपुढे ‘वाचली’ असेच लिहिले आहे.

तुमच्या विनंतीप्रमाणे ती चार पिढ्यांची कादंबरी पुन्हा सुरू केली. या वेळी खुर्चीत बसून, शेजारी कागद ठेवून, नवे नाव आले की त्याचे नाते लिहीत ऐकली. तिसऱ्या तासाला ते वाक्य सापडले. घर सोडून जातो तो धाकटा, आणि हे लेखकाने एकदाच, तेही पावसाच्या वर्णनाच्या ओघात सांगितले आहे. आश्चर्य म्हणजे पावसाचे ते वर्णन मला शब्दन् शब्द ओळखीचे वाटले. त्यापुढचे वाक्य मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते.